नाव तेच, जहाज नवं

देहूरोडला लोकलमध्ये बसलं की तासाभराच्या आत लोणावळा येतं. तिथून भुशी धरणाच्या रस्त्यानं वर गेलं की लागतं ‘आयएनएस शिवाजी’. आसपास समुद्र नाही, तरी नाव जहाजाचं! किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखंच नाव देण्याची नौदलाची रीत आहे. १९४५पासून जहाजांची इंजिनं सांभाळणारे हात इथं तयार होत आले.

‘नीलगिरी’ चालली ती अशाच हातांवर. सरकारनं १९६०मध्ये माझगाव गोदी ताब्यात घेतली आणि पुढे ‘लिअँडर’ या ब्रिटिश फ्रिगेटचे आराखडे आणले. फ्रिगेट म्हणजे ताफ्याची राखणदार. पाणबुडी हुडकायची, विमानं रोखायची. २३ ऑक्टोबर १९६८ला इंदिरा गांधींच्या हस्ते ‘नीलगिरी’चं जलावतरण झालं.

ती सज्ज होण्याआधीच घाला पडला. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीनं ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ‘खुकरी’ही फ्रिगेटच, ब्रिटनमध्ये बांधलेली. पाणबुडीची शिकार करायला निघालेलं जहाज स्वतःच शिकार झालं.

सहा महिन्यांनी, ३ जून १९७२ला, ‘नीलगिरी’ सेवेत आली. मागून माझगावातच तिच्या पाच बहिणी झाल्या. शेवटच्या दोघी, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’. त्यांचा आराखडा आपल्या लोकांनी बदलला आणि पाणबुडी शोधणाऱ्या मोठ्या ‘सी किंग’ हेलिकॉप्टरला जागा केली. नक्कल करता करता गोदी स्वतः विचार करू लागली होती.

ही जहाजं वाफेवर चालत. आमच्या शेजारी एक चाचा होते, उभी उमर बॉयलरच्या धगीत गेलेली. ‘नीलगिरी’ १९९६मध्ये निवृत्त झाली आणि १९९७मध्ये आपल्याच ‘सी हॅरियर’ विमानानं क्षेपणास्त्राच्या सरावात तिला बुडवलं. मी हळहळलो. चाचा म्हणाले, “बेटा, बॉयलर थंड झाला तेव्हाच ती गेली. बुडालं ते नुसतं लोखंड.”

१५ जानेवारी २०२५ला मुंबईत नवी ‘नीलगिरी’ नौदलात आली. जुनी ११३ मीटर लांब, ही १४९. बांधणी पुन्हा माझगावची, पण आराखडा या वेळी आपल्याच नौदलाचा. वाफ गेली; डिझेल इंजिनं आणि गॅस टर्बाइन आली. चाचांना तिथं काहीच ओळखीचं वाटलं नसतं. तिची इंजिनं समजून घ्यायची, तर त्यांनाही पुन्हा लोणावळ्याची लोकल धरावी लागली असती.