मुठेचा पूर : काल आणि आज

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह चिटणीसबाईंनी केला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शनिवारवाडा असावा. परंतु वाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या पेठांच्या कडेने वाहणाऱ्या मुठेची आठवण मात्र आपल्याला पूर आला की होते, आणि पाणी ओसरले की तीही ओसरते. म्हणून मी नदीच निवडली.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. पुढे मंडळाच्या बैठकीत त्यावर बोलणे निघाले. एक भगिनी म्हणाल्या, "पाऊसच अतोनात झाला." दुसऱ्या म्हणाल्या, "छे, धरणातून पाणी सोडले म्हणून!" दोघींचेही खरे, पण अपुरे. पाऊस किती पडला, तो कसल्या जमिनीवर पडला, वाटेत किती अडला आणि उरलेल्या पाण्याला वाहून जायला पात्र किती राहिले, या चार गोष्टींवर पूर ठरतो. गेल्या दीडशे वर्षांत मुठेच्या बाबतीत या चारही गोष्टी पालटल्या आहेत.

प्रथम अडवलेल्या पाण्याविषयी. १८७९ साली खडकवासल्याचे दगडी धरण पुरे झाले. त्यापूर्वी सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस सरळ पुण्याच्या घाटांना येऊन भिडे. नदी दुथडी भरली की बायका तिची ओटी भरत. पाणी कुठवर चढते हे काठावरच्या माणसाला दरसाल डोळ्यांनी दिसे, आणि जे दिसते ते विसरले जात नाही.

मग आले १९६१ साल. १२ जुलैच्या सकाळी अंबी नदीवरचे पानशेतचे नवे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. नारायण, शनिवार, कसबा या पेठांचा नदीकडचा भाग आणि डेक्कन जिमखान्याचा काठ पाण्याखाली गेला. गोखलेनगर, सहकारनगर या वसाहतींशी पूरग्रस्तांचे नाव जोडले गेले ते तेव्हापासून. माझ्या सासूबाई सांगत, की पाणी ओसरले तरी धान्याच्या डब्यांतला चिखल कितीतरी दिवस निघत होता. पण या आपत्तीने नकळत आपल्या मनावर एक वेगळाच परिणाम केला. पूर म्हणजे धरण फुटणे, आणि धरण भक्कम असले की काळजी मिटली, अशी आपली समजूत होऊन बसली.

पुढे पानशेत पुन्हा बांधले गेले. वरसगाव आणि टेमघर ही धरणे झाली. खडकवासला धरून चौघांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. मात्र शहराच्या सर्वांत जवळचे जे खडकवासला, त्यात दोन टीएमसीही मावत नाही. वरची तीन म्हणजे हंडे-कळश्या, तर खडकवासला म्हणजे तांब्या! पावसाळ्याच्या आरंभी हंडे-कळश्या भरत असतात, तोवर नदीत पाणी बेताचेच असते. परंतु हंडे भरले, किंवा तांब्याच्या वरच्या डोंगरांतच मुसळधार लागली, की तांब्या बघता बघता भरतो आणि पाणी सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ही धरणे मुख्यतः पिण्यासाठी व शेतीसाठी पाणी साठवावे म्हणून आहेत. ती लहान पूर गिळतात. मोठा पूर त्यांना गिळता येत नाही.

लहान पूर दिसेनासे झाले आणि आपण पात्रालाच मोकळी जागा समजू लागलो. त्यात रस्ते आले, राडारोडा पडला, काठ पुढे सरकले, इमारती उभ्या राहिल्या. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. मुठेसाठी निळ्या रेषेचा हिशेब ६० हजार क्युसेकचा आणि लाल रेषेचा एक लाखाचा धरलेला आहे. त्या पहाटे धरणातून सुटले होते सुमारे ३५ हजार क्युसेक. धरणाखालच्या ओढ्यांचे पाणी त्यात मिसळले, हे खरे. तरीही निळ्या रेषेच्या हिशेबाहून पुष्कळ कमी विसर्गात घरे बुडाली, याचा अर्थ पाण्याची वाट अरुंद झाली, असाच मला दिसतो.

जमिनीचेही तेच. मातीत मुरणारे पाणी सिमेंटवरून धावत सुटते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आणि दक्षिण भागातल्या इतर ओढ्यांना पूर आला आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. तिथे कुठलेच मोठे धरण आड आले नव्हते. पेशवाईतही आंबिल ओढा वळवला होता. पण वळवला, बुजवला नव्हता. पाण्याला दुसरी वाट दिली होती.

राहिला पाऊस. आपल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेले एक संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसून आले. तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि ते एकदम ओतते. म्हणजे वरून येणारे पाणी वाढण्याची चिन्हे आहेत, आणि नेमक्या याच वेळी खालची वाट आपण आवळली आहे.

भगिनींनो, आकाशावर आपला अधिकार चालत नाही. परंतु पुष्कळ गोष्टी आपल्या हातच्या आहेत. मुलासुनेसाठी नदीकाठी घर पाहाल तेव्हा हवा-उजेडाइतकीच निळ्या रेषेची चौकशी करा. घराची दुरुस्ती काढाल तेव्हा राडारोडा कुठे नेणार, हे गवंड्याला विचारा. ओढ्याचे नाव निघाले तर ठाम नाही म्हणा. आणि धरण भरत आल्याची वार्ता आली, की शेजारच्या तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींची औषधे व कागदपत्रे वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा. एवढे प्रत्येकीने पाळले, तर यंदाच्या वर्धापनदिनी आपल्या मंडळाने काहीतरी उपयोगाचे केले, असे मी समजेन.