गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आपोआप शिट्टी का मारतो? दोष कसा शोधायचा?

अकोल्यात जठारपेठेतला गणपतीचा मंडप असो की गावातला जाहीर कार्यक्रम, माइक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो.

गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असंच चक्र माइकशिवायही सुरू होऊ शकतं. गिटारची वायर काढून ठेवली तरी आवाज थांबत नाही. याला ऑसिलेशन म्हणतात.

हे कशामुळे होतं?

बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग मागे इनपुटकडे पोहोचला, तो मूळ सिग्नलच्या ताल-लयीत असला आणि एका फेरीत कमी झाला नाही, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच आवाज निर्माण करू लागतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक बार्कहाउझेन यांच्या नावाने ही अट ओळखली जाते.

म्हणून दुरुस्तीतला खरा प्रश्न एकच असतो: सिग्नल कोणत्या वाटेने मागे येतोय?

ऐकू न येणारं ऑसिलेशन जास्त धोकादायक

शिट्टी वाजली तर दोष लगेच कळतो. पण आउटपुट व्हॉल्व्ह माणसाच्या श्रवणक्षमतेपलीकडच्या, म्हणजे २० हजार हर्ट्झच्या वरच्या कंपनांवरही ऑसिलेट होऊ शकतात. तेव्हा आवाज फाटका येतो, ताकद कमी वाटते आणि व्हॉल्व्हमधली धातूची प्लेट लाल होते.

अकोल्याच्या उन्हाळ्यात सगळंच तापतं. व्हॉल्व्हची काच गरम होणं नेहमीचंच आहे. पण प्लेट लाल दिसली तर अ‍ॅम्प्लिफायर लगेच बंद करायला हवा. नाहीतर व्हॉल्व्ह जातो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो.

आधी सुरक्षितता

अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असू शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो. त्यामुळे पेटी उघडण्याचं काम जाणकार टेक्निशियननेच करावं. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालू करू नये.

दोष कोणत्या क्रमाने शोधायचा?

१. गिटार आणि पेडल काढा, व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज थांबला तर दोष बहुधा सुरुवातीच्या भागात आहे. फरकच पडला नाही तर संशय पुढच्या भागावर जातो.

२. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, थंड झाल्यावर फेज इन्व्हर्टर व्हॉल्व्ह काढा. हा व्हॉल्व्ह आउटपुटच्या दोन बाजूंना उलटसुलट सिग्नल देतो. तो काढूनही आवाज येत असेल तर दोष आउटपुट स्टेजमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे.

३. व्हॉल्व्ह काढल्यावर आवाज थांबला तर तो परत बसवून निगेटिव्ह फीडबॅकची वायर तात्पुरती सोडवून पाहा. अमेरिकी इंजिनिअर हॅरोल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ही कल्पना मांडली. यात आउटपुटचा काही भाग उलटा करून मागे दिला जातो आणि त्यामुळे आवाजातली विकृती कमी होते. पण नवा ट्रान्सफॉर्मर बसवताना प्लेटच्या दोन वायरींची अदलाबदल झाली, तर हाच फीडबॅक उलटा न राहता सिग्नलला बळ देतो. मग अ‍ॅम्प्लिफायर चालू होताच किंचाळतो. त्या दोन वायरी परत अदलाबदल करणं हाच यावरचा उपाय.

४. ग्रिड स्टॉपर रेझिस्टर तपासा. हा रेझिस्टर अतिउच्च कंपनांना अडवतो. फेंडरच्या अनेक मॉडेलमध्ये तो १.५ किलोओहम, तर मार्शलमध्ये ५.६ किलोओहम असतो. तो सॉकेटच्या पिनलाच जोडलेला हवा. मध्ये लांब वायर असेल तर ती वायरच अँटेनासारखी वागते.

५. लाकडी काडीने वायरी हळूच हलवून पाहा. हलवताना आवाज बदलला तर वाट सापडली. प्लेटची वायर ग्रिडच्या वायरीपासून लांब ठेवावी. दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

कानाला काहीच ऐकू येत नसेल तर ऑसिलोस्कोप लागतो. त्यावर सिग्नलची रेघ मध्येच जाड किंवा केसाळ दिसते. शिट्टीऐवजी बोटीच्या इंजिनासारखा ‘फट्-फट्’ आवाज येत असेल तर वीजपुरवठ्यातले जुने फिल्टर कपॅसिटर आधी पाहावेत.

फेंडरच्या कारखान्यातला धडा

१९६५ मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली. त्यानंतर, त्या दशकाच्या अखेरीस आलेल्या चंदेरी पॅनेलच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर २ हजार पिकोफॅरडचे कपॅसिटर दिसतात. वायरिंगमुळे होणारं ऑसिलेशन दाबणं हा त्यांचा उद्देश होता.

शिट्टी थांबली, पण आवाजातले वरचे सूरही काही प्रमाणात दबले. आज अनेक टेक्निशियन वायरी नीट लावून हे कपॅसिटर काढून टाकतात.

कपॅसिटर टाकून आवाज दाबणं सोपं असतं. पण मागे येणारी वाट उघडीच राहिली तर व्हॉल्व्ह बदलल्यावर किंवा वायर जरा सरकल्यावर तोच त्रास पुन्हा सुरू होऊ शकतो.