शब्दबोध : शिब्बोलेथ

इंग्रजी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून ‘शिब्बोलेथ’ हा शब्द अधूनमधून वाचनात येतो. हा शब्द मूळचा हिब्रू असून बायबलमधील ‘शास्ते’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातून तो इंग्रजीत आला आहे.

मूळ अर्थ : हिब्रू भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात : धान्याचे कणीस आणि पाण्याचा लोंढा. संत जेरोम यांनी आपल्या लॅटिन भाषांतरात ‘कणीस’ हा अर्थ मजकुरातच नमूद केला आहे.

उगम : इफ्ताहच्या नेतृत्वाखाली गिलादी लोकांनी एफ्राइमी लोकांचा पराभव केला आणि यार्देन नदीचे उतार रोखून धरले. नदी ओलांडू पाहणारा कोणी ‘मी एफ्राइमी नाही’ असे म्हणाला, की त्याला ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास लावीत. एफ्राइमींना ‘श’ जमत नसे. ते ‘सिब्बोलेथ’ म्हणत. एवढ्यावरून त्यांचा वध होई. त्या वेळी ४२,००० एफ्राइमी पडले, असे ग्रंथ सांगतो. मारणारे व मरणारे, दोघेही इस्राएलचीच लेकरे होती.

इंग्रजीतील अर्थ : (१) आपला कोण आणि परका कोण, हे ओळखण्याची उच्चाराची खूण, (२) एखाद्या गटाची ओळख ठरलेली चालरीत किंवा परवलीचा शब्द, (३) वारंवार वापरून अर्थ हरवलेली घोषणा. आधुनिक लेखनात तिसरा अर्थ विशेष आढळतो.

पहिला अर्थ मात्र केवळ प्राचीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या आदेशावरून हजारो हैतीयन लोकांची कत्तल झाली. संशयितांना पार्सली या पालेभाजीचे स्पॅनिश नाव ‘पेरेहिल’ उच्चारावयास लावीत, असे सांगितले जाते. त्यातील ‘र’ हैतीयन जिभेला अवघड होता. ‘पार्सली हत्याकांड’ हे नाव त्यावरूनच पडले.

प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगणात संत पेत्रालाही त्याच्या गालीली बोलीवरूनच ओळखण्यात आले होते. जीभ माणसाचे गाव सांगते, त्याचे मन नव्हे. आपल्याकडेही ‘श’चा ‘स’ किंवा ‘ण’चा ‘न’ करणाऱ्यास हसण्याची रीत आहे. त्यात कोणाचा प्राण जात नाही. परंतु पुष्कळांचे बोलणे मात्र तेथेच थांबते. असे हसू ओठांवर येईल, तेव्हा यार्देनेच्या त्या उताराचे स्मरण व्हावे.