आपल्या ताटातील भाकरी आणि गव्हाचा मान

राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. परंतु ज्या अन्नावर आपल्या कैक पिढ्या वाढल्या, त्या अन्नाचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला, त्यास एक कारण आहे. आपल्या ज्ञातीतील काही घरांत अलीकडे असा एक रोग आढळून आला आहे की, ज्यात गव्हाचा कणही वर्ज्य करावा लागतो. अशा घरांतील आईबाप घाबरून विचारतात, 'गुरुजी, पोळी बंद केली तर मूल खाणार काय?' त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच खानदेशाच्या इतिहासात आहे, असे आम्हांस वाटते.

या रोगास डॉक्टर लोक 'सीलिअक' म्हणतात. गव्हात व जवात ग्लूटेन नावाचा अंश असतो. कणीक मळली असता जो चिवटपणा येतो तो त्याचाच. बहुसंख्य लोकांस तो मुळीच बाधत नाही. परंतु काहींच्या आतड्याचे अस्तर त्यामुळे झिजते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मग दीर्घकाळ जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ, औषधाने न हटणारा पांडुरोग अशी लक्षणे दिसतात. आपल्या जिल्ह्यात कुपोषण पुष्कळ. म्हणून असे मूल कुपोषित किंवा जंतांनी पीडित समजले जाण्याचा संभव फार.

आता इतिहासाकडे वळू. शहादे तालुक्यातील प्रकाशे येथे १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. तापीच्या या काठी तीन हजार वर्षांपूर्वीही मनुष्यवस्ती होती, हे त्यावरून सिद्ध झाले. ज्या ज्वारी-बाजरीस आपण 'आपले' धान्य म्हणतो, ती मूळची आफ्रिकेतील. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती हिंदुस्थानात आली. मका आणि मिरची ही तर अमेरिकेतील, पोर्तुगीजांच्या आगमनानंतरची. गहूही या देशात प्राचीनच. यास्तव कोणत्याही धान्यास परके म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, कोणते धान्य रोजचे होते आणि कोणते सणाचे.

१८८० साली सरकारने खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. सामान्य जनांचे मुख्य अन्न ज्वारी-बाजरी होते, असेच त्यावरून दिसते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत हिवाळ्यात येणारी दादर ज्वारी आणि डोंगराकडील मका, नागली व भगर हा आपल्या मुलखाचा रोजचा आधार. गहू पिके, पण तो आखाजीच्या सांजोऱ्यांसाठी, लग्नातील मांड्यांसाठी आणि पाहुण्यासाठी. गव्हास मान होता तो दुर्मिळपणामुळे.

हे चित्र पालटले ते स्वातंत्र्यानंतर. १९५६ साली अमेरिकेशी धान्याचा करार झाला आणि 'पीएल ४८०' खालील गहू बोटींनी येऊ लागला. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले गेले आणि हरितक्रांतीस आरंभ झाला. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो ज्वारी रेशनवर आली. आम्ही तेव्हा लहान होतो. त्या भाकरीस घरोघर नाके मुरडली जात, हे आम्हांस स्मरते. पुढे कालवे व विहिरी झाल्या, रेशनवर गहू-तांदूळ नियमित मिळू लागले आणि गहू रोजचा झाला. त्याची टंचाई गेली, मान मात्र राहिला. आमच्या नोकरीच्या काळात पोळी आणणारा मुलगा डबा उघडा ठेवून खाई आणि भाकरी आणणारा झाकून खाई. ज्या अन्नाची लाज शिकवली जाते, त्याचे गुण कोणी सांगत नाही.

आता युरोपातील एक हकीकत ऐका. लंडनचे डॉ. सॅम्युअल जी यांनी या रोगाचे वर्णन १८८८ साली प्रसिद्ध केले आणि बरे होणे असेल तर ते आहारानेच होईल, असे मत दिले. परंतु कोणता आहार हे कळण्यास आणखी साठ वर्षे लागली. हॉलंडमधील हेग शहरी डॉ. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाविषयी त्यांस युद्धापूर्वीच शंका आली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे भीषण उपासमार झाली व पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असता या रोगाची मुले मात्र सुधारू लागली. आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली! डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला आणि दोष गव्हाचा आहे हे जगास कळले.

आपल्या देशात १९६६ साली उत्तरेकडील मुलांमधील या रोगाविषयी डॉक्टरांनी लेख प्रसिद्ध केला. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले की, उत्तरेत शंभरात सुमारे एकास हा रोग आहे, तर दक्षिणेत हजारात एकास. रोगाची आनुवंशिक प्रवृत्ती दोन्हीकडे आढळते; परंतु उत्तरेत माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खाल्ला जातो आणि दक्षिणेत अवघा पंचवीस ग्रॅम. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा रोग ऐकिवात नव्हता. भाकरीच्या ताटात तो झाकलेला राहिला असावा, असे आम्हांस वाटते.

तेव्हा मूल खाणार काय, या प्रश्नाचे उत्तर हेच की, त्याचे पणजोबा खात होते ते. ज्वारी, बाजरी, नागली, मका, तांदूळ, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सर्व डाळी यांत ग्लूटेन नाही. किंबहुना एकादशीचा फराळ हा या रोग्यास बाराही महिने चालणारा आहे. नागलीत शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कैक पट अधिक. बाजरीत लोह चांगले असते.

तथापि नुसती भाकरी म्हणजे पूर्ण आहार नव्हे. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग होतो, याचा अभ्यास हैदराबादेस डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास केला. डाळ, भाजी, दूध, अंडी यांची जोड हवीच. आपल्या वडीलधाऱ्या बायकांनी हे शास्त्र न वाचता साधले होते. ज्वारीत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी, सोबत वांग्याचे भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. यापरते संतुलित ताट कोणते? डुबुकवडे, पातोडीची भाजी, नवापूरच्या तुरीचे वरण, ज्वारीचे बिबडे हे सर्व या मुलास चालते.

परंतु गहू लपून येतो, हे ध्यानी ठेवावे. बाजारच्या बहुतेक खड्या व पूड हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. कुरडया, शेवया व रवा हे गव्हाचेच. सातूच्या पिठात गहू किंवा जव बहुधा असतोच. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर तिच्यात गहू उतरतोच. म्हणून दळण घरच्या जात्यावर किंवा घरघंटीवर वेगळे करावे. पोळीचे पोळपाट-लाटणे व तवाही वेगळे असावेत. विकतच्या जिनसेवर 'ग्लूटेनमुक्त' असे छापण्यास किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लूटेन असण्याची सरकारी अट आहे, तेवढे पाहून घ्यावे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. शंका आल्यास आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी, लागल्यास दुर्बिणीने आतड्याचीही. तपासणीपूर्वी गहू बंद करू नये, नाही तर रोग सापडत नाही. ज्यांस रोग नाही त्यांनी देखादेखी गहू सोडण्याचे कारण नाही.

खरी अडचण स्वयंपाकघरात नसून पंगतीत आहे. एका लग्नात एका मातेने आपल्या मुलासाठी फडक्यात बांधून भाकरी आणली होती. यजमानांकडील एक वृद्ध रागावून म्हणाले, 'आमच्या घरचे अन्न चालत नाही काय?' त्या माउलीचे डोळे भरून आले. त्या वृद्धाचाही दोष नव्हता. ताट नाकारणे म्हणजे नाते नाकारणे, हीच आपली रीत. पण चूरमा आणि वरण-बट्टी यांनी ज्या मुलाचे आतडे झिजते, त्यास आग्रह करणे हे आतिथ्य नव्हे. मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट लग्न जुळेपर्यंत लपविली जाते. मग ती नव्या घरी मुकाट्याने पोळी खाते आणि आजारी पडते. तिची अशक्तता हा तिचा दोष ठरविला जातो. ही व्याधी सांसर्गिक नाही आणि पथ्य पाळणारी मुलगी इतरांप्रमाणेच संसार करू शकते, हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे.

यास्तव आमची मंडळास नम्र सूचना आहे. आपल्या मेळाव्यात व सामुदायिक विवाहात स्वतंत्र भांड्यांत केलेली भाकरी, वरण व भात यांची एक वेगळी बाजू असावी, आणि तेथे बसणाऱ्यांकडे कोणी कुतूहलाने पाहू नये. खर्च अल्प आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जगाने ज्या धान्याचा गौरव केला, ते आपल्या पंगतीत मागच्या दाराने येऊ नये. गव्हाचा मान आहे तो राहू द्या, भाकरीचाही मान तिला परत द्या, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे.