अलिप्त

‘भावकीच्या वादात मी अलिप्त राहिलो,’ असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांना म्हणायचं असतं : मी अंग काढून घेतलं. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आलो. हा या शब्दावर अन्याय आहे.

मूळ संस्कृत ‘लिप्’, म्हणजे माखणं. लेप, लिंपण, लिप्त ही त्याचीच भावंडं. आजी शेणमातीने कणगी लिंपायची. वाळल्यावरही तिच्या बोटांचे वळ कणगीवर दिसत. ज्याला असा लेप चिकटत नाही, तो अलिप्त. गीतेच्या पाचव्या अध्यायातलं कमळाचं पान पाण्यातच असतं, पण भिजत नाही.

शीतयुद्धात दोन्ही गटांबाहेर राहिलेल्या देशांच्या ‘नॉन-अलाइन्ड’साठी हाच शब्द आला. ‘अलाइन’च्या मुळाशी रेघ आहे, म्हणून इंग्रजी शब्द फक्त रांगेत उभं राहणं नाकारतो. मला मराठी शब्द जास्त खरा वाटतो. इजिप्तचंच पाहा. जुलै १९५६ मध्ये अमेरिकेने आस्वान धरणाची मदत मागे घेतली. आठवड्याभरात तिथले अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. धरण पुढे सोव्हिएत पैशाने उभं राहिलं, पण त्याच काळात नासर यांनी देशातले कम्युनिस्ट तुरुंगात टाकले होते. अलिप्त देशांच्या १९६१ च्या बेलग्रेड परिषदेत नेहरू, युगोस्लाव्हियाचे टिटो, घानाचे एन्क्रुमा, इंडोनेशियाचे सुकार्नो यांच्यासोबत नासरही होते. पाण्यात उतरलेलीच माणसं ही.

आज बातम्यांत मतदानाला गैरहजर राहणारा देशही ‘अलिप्त’ ठरतो. त्याला तटस्थ म्हणा. काठावर उभ्या असलेल्यासाठी तो शब्द आहेच.