बोराच्या इटा

वडिलांनी पिशवीतून तो डबा काढला आणि नाव सांगितले, तेव्हा आजीने आईकडे वळून विचारले होते, "बोराच्या इटा? हे काय असते वं माय?" साल १९७९. मी चौथीत होतो आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होतो. वडील धामणगावात एका जिनात मुनीम होते. डबा औषधांच्या दुकानातून आला होता, किराण्यातून नव्हे, आणि त्यामुळे घरात त्याला औषधाचाच मान मिळाला. फळीवर वरच्या बाजूला, देवाच्या फोटोशेजारी.

आजीचा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही. मलाही तो पुढे तीसेक वर्षांनी आठवला. जुन्या डब्यांवरची, खोक्यांवरची नावे वाचत बसण्याचा नाद मला आहे. त्या नादात बोर्नव्हिटाकडे आलो आणि लक्षात आले की आजीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले होते. बोर्न म्हणजे काय, आणि व्हिटा म्हणजे काय?

उत्तरासाठी बर्मिंगहॅमला जावे लागते. तिथे कॅडबरी हे क्वेकर पंथाचे कुटुंब चहा, कॉफी आणि कोको विकत असे. रिचर्ड आणि जॉर्ज या दोघा भावांना शहरातली ब्रिज स्ट्रीटची जागा अपुरी पडू लागली. त्यांनी शहराच्या दक्षिणेला सुमारे चार मैलांवर मोकळे रान घेतले आणि १८७९ मध्ये कारखाना तिकडे हलवला. त्या रानातून एक लहानसा ओढा वाहत होता, त्याचे नाव बोर्न. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच मुळी ओढा. त्याला त्यांनी 'व्हिल' हा गावाचा अर्थ असलेला फ्रेंच शब्द जोडला, कारण त्या काळी उत्तम चॉकलेट म्हणजे फ्रेंच चॉकलेट अशी ग्राहकांची समजूत होती. बोर्नव्हिल. आपल्याकडच्या नावांच्या चालीवर सांगायचे तर 'ओढेगाव'. पुढे १८९५ पासून जॉर्ज कॅडबरींनी कारखान्याजवळ बागा असलेल्या घरांची वसाहत उभारायला घेतली आणि १९०० मध्ये ती एका न्यासाच्या हवाली केली. क्वेकर मंडळी दारूच्या विरोधातली, त्यामुळे वसाहतीत गुत्ता नव्हता.

धामणगावच्या माणसाला यातली एक गोष्ट विशेष गंमतीची वाटेल. बोर्नव्हिलचे रेल्वे स्टेशन कारखान्याच्या आधीचे, १८७६ चे. तेव्हा त्याचे नाव स्टर्चली स्ट्रीट होते. कारखाना आला आणि स्टेशनाने कारखान्याचे नाव घेतले. आमच्याकडे उलटे झाले. १८६७ मध्ये जीआयपीची गाडी नागपूरपर्यंत पोचली, यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी आमच्या स्टेशनावर उतरू लागला, स्टेशनाभोवती जिन आणि पेढ्या उभ्या राहिल्या आणि शेवटी गावानेच रेल्वेचे नाव आपल्या नावामागे लावून घेतले. धामणगाव गढी वेगळे, धामणगाव बढे वेगळे, आमचे धामणगाव रेल्वे. पत्त्यावर 'रेल्वे' लिहायचे विसरलात तर पत्र भलतीकडे जाते.

आता नावाचा दुसरा अर्धा भाग. त्यासाठी या पेयाचे कूळ बघायला हवे, कारण ते हलवायाच्या नव्हे तर औषधवाल्याच्या घरचे आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा सातू. धान्याला मोड आला की त्यात असा पाचक घटक तयार होतो, जो पिठाची साखर करतो; म्हणून ते गोड लागते आणि हलके पडते. नाचणीला मोड आणून तिचे सत्त्व करणाऱ्या आपल्या बायकांना हे रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होते. युरोपात हेच काम औषधवाल्यांनी हाती घेतले, तान्ह्या मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. जेम्स हॉर्लिक हे इंग्लंडातले औषधी व्यवसायातले गृहस्थ. ते आणि त्यांचे भाऊ विल्यम यांनी अमेरिकेत जाऊन १८७३ मध्ये धंदा सुरू केला आणि १८८३ मध्ये सुकवलेल्या माल्टयुक्त दुधाचे पेटंट घेतले. डब्यावर त्यांनी सरळ आपले आडनाव घातले. स्वित्झर्लंडात बर्नच्या वांडर या रसायनतज्ज्ञ घराण्याने १९०४ मध्ये ओव्होमाल्टिन काढले. लॅटिनमध्ये ओव्हम म्हणजे अंडे, त्याला माल्ट जोडले. नाव काय, घटकांची यादीच. इंग्लंडात पोचेपर्यंत त्यातली दोन-चार अक्षरे गळाली आणि ते ओव्हल्टिन झाले. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस मेन यांनी नेस्लेसाठी मायलो तयार केले आणि नावासाठी थेट प्राचीन ग्रीसमधला मल्ल गाठला, क्रोटोनचा मायलो.

म्हणजे कुणी आडनाव दिले, कुणी जिन्नस सांगितले, कुणी पहिलवान उभा केला. १९३०च्या दशकाच्या आरंभी कॅडबरीचे पेय बाजारात आले तेव्हा त्यांनी अर्धे गावाचे नाव घेतले आणि उरलेल्या अर्ध्यात एक वचन भरले. व्हिटा म्हणजे लॅटिनमध्ये जीवन. व्हिटॅमिन हा शब्दही याच मुळातून १९१२ मध्ये घडवला गेला होता आणि तोवर घरोघरी पोचला होता. त्या काळात नावात 'व्हिटा' घालणे म्हणजे काय हे आजच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. बोर्नव्हिटा : ओढा आणि जीवन. आपल्याकडे जीवन या शब्दाचा एक अर्थ पाणी असाही आहे, हे कळले असते तर कॅडबरीबंधू खूश झाले असते!

पण कुठले जीवन? इथे मला या सगळ्या शोधातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट सापडली. इंग्लंडात ही पेये झोपेसाठी विकली जात. १९३०च्या दशकात हॉर्लिक्सच्या जाहिराती तर रात्रीच्या उपासमारीची भीती घालत : झोपेत शरीर उपाशी राहते, म्हणून सकाळी थकवा येतो. बोर्नव्हिटाचा जुना कप मी चित्रात पाहिला आहे. पेंगुळलेला चेहरा आणि वर झाकण म्हणून झोपायची टोपी. तोच डबा १९४८ मध्ये, त्याच वर्षी स्थापन झालेल्या कॅडबरीच्या भारतीय कंपनीबरोबर इकडे आला आणि काही वर्षांत त्याने टोपी काढून टाकली. इथे तो सकाळचा झाला, अभ्यासाचा झाला, पहिल्या नंबराचा झाला. १९७२ पासून रेडिओवर त्याच्या नावाची प्रश्नमंजूषा सुरू झाली. आधी हमीद सयानी, १९७५ मध्ये ते गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी. कार्यक्रम इंग्रजीत. आम्हाला त्यातले ओ की ठो कळत नसे, पण ती उत्तरे देणारी मुले हेच पितात एवढे मात्र पक्के कळले होते.

पदार्थ तोच, नाव तेच. एका देशात त्याने झोप येते, दुसऱ्यात मूल जागे राहून अभ्यास करते. माझ्या मते हे शक्य झाले ते 'व्हिटा'मुळे. जीवन हा शब्द एवढा ऐसपैस आहे की त्यात जे हवे ते ओतता येते. आडनाव असते तर एवढी सोय झाली नसती असे लिहिणार होतो, पण हॉर्लिक्सनेही भारतात हीच कोलांटी मारली. तेव्हा हा मुद्दा मी फार ताणत नाही. आपल्याकडे दूध कमी आणि परीक्षा जास्त, हेही कारण असेलच.

आमच्या घरात तो डबा फक्त माझ्यासाठी होता. ताई सातवीत होती. तिलाही परीक्षा होती. तिला चहा मिळे. तिने कधी मागितला नाही आणि आईनेही कधी विचारले नाही. एका डब्यात दोघांचे भागले नसते, एवढा साधा हिशेब. मला शिष्यवृत्ती मिळाली नाही. परवा ताईला फोनवर मी या नावाचा अर्थ सांगितला, तर ती हसून म्हणाली, "म्हंजे जीवन तुले अन् चहा मले." मग तिने विषय बदलला.

२०२३ मध्ये या डब्यातल्या साखरेवरून देशभर वाद झाला. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने शंभर ग्रॅममागे मिसळलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणली. तरीही जवळपास एक तृतीयांश साखरच. बालहक्क आयोगाने चौकशीअंती म्हटले की २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की बोर्नव्हिटा आणि तत्सम पेये त्या सदरातून काढा. त्याच महिन्यात हॉर्लिक्सवाल्यांनीही आपल्या सदराचे नाव बदलले. मला हे वाचून वाटले, 'हेल्थ' काढता आले कारण ते नावाबाहेर होते. नावातल्या 'व्हिटा'ला कोण हात लावणार? ते लॅटिन आहे, कायद्याच्या कचाट्यात येत नाही, आणि त्याचे काम त्याने आमच्या आईवर १९७९ मध्येच करून टाकले होते.

नावे कशी चिवट असतात बघा. ठाण्यातल्या कारखान्याची कंपनी २०१४ पासून मोंडेलीझ म्हणवते, पण बाहेरचा चौक अजून कॅडबरी जंक्शनच आहे. इंग्लंडात बोर्नव्हिटाची विक्री २००८ मध्ये थांबली. ज्या ओढ्याचे नाव त्याला दिले, तो अजून वाहतो, पण त्याच्या काठच्या दुकानात हा डबा मिळत नाही. स्टेशन रोडवरच्या आमच्या किराणा दुकानात मात्र त्याच्या पुड्यांची माळ दारातच टांगलेली असते. दुकानदार बिलावर 'बोनविटा' लिहितो. माझ्या १९७९ च्या डब्यात आई शेवटपर्यंत तुरीची डाळ ठेवत असे. झाकण हरवले आहे. डबा आता ताईकडे आहे.