बुळकांडी ते लम्पी : गोठ्यातील नोंदीचा इतिहास

अहमदनगर जिल्ह्यास २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. या जिल्ह्याचे १८८४ चे सरकारी गॅझेटियर चाळले, तर त्यात गुराढोरांची गणती आढळते. बैल किती, यावरून नांगर किती चालतील याचा अदमास लागे. आणि शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्यास तो अदमास हवाच असे. परंतु जनावर कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणत्या दुखण्याने दगावले, हे अशा गणतीत कोठून सापडणार? साथीच्या बंदोबस्तास मात्र नेमके तेच लागते.

त्या काळचा खरा काळ म्हणजे बुळकांडी. हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करण्यास नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड हे होते. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे गेली आणि तेथेच १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी बकऱ्यांत वाढविलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. शस्त्र हाती आले. पण ते चालवावे कोठे?

१९५४ साली देशव्यापी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत शेकडा ८० गुरांना लस टोचावी, असा संकल्प होता. साथी पुष्कळ ओसरल्या, तरी रोग समूळ गेला नाही. टोचलेल्या सुया मोजल्या जात होत्या. रोग कोठे दडला आहे, याचा माग त्या संख्येवरून लागत नव्हता. १९९२ पासूनच्या नव्या योजनेत ही चूक सुधारली. गावोगाव आणि गुरांच्या वाटांवर शोध घेण्यात आला, आणि पुढे लस थांबवून रोग पुन्हा डोके वर काढतो की काय, यावर पहारा ठेवण्यात आला. बुळकांडीतून वाचलेले जनावर जन्मभर सुरक्षित राहते आणि रोग बाळगीत हिंडत नाही. म्हणून संसर्गाची साखळी तुटली की रोग संपतो. भारतात शेवटची साथ १९९५ साली आढळली. २००६ साली देश, व २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त म्हणून जाहीर झाले.

या विजयाचे मर्म २०२२ च्या पावसाळ्यात पुन्हा कसोटीस लागले. लम्पी चर्मरोग जळगाव जिल्ह्यात दिसला आणि थोड्याच आठवड्यांत नगरच्या गोठ्यांतही शिरला. माश्या, डास, गोचिड यांच्याद्वारे तो पसरतो, आणि बाजाराला निघालेले जनावर त्यास दूर नेते. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात गुरांना लस द्यावयाची, बाजार बंद ठेवावयाचे, असे ठरले. परंतु परिघाचा मध्यबिंदू सांगावयाचा कोणी? पहिली गाठ दिसते ती शेतकऱ्यास. त्याने वर्दी दिली तर गावचा बाजार बंद होणार. लपविली तर शेजाऱ्याचा गोठा उजाड होणार. दुधाच्या पैशांवर ज्याचे घर चालते, त्याच्यापुढे हा पेच लहान नव्हे.

म्हणून सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० आणि वासरास १६,००० रुपये साहाय्य ठेवले, ते केवळ दयेचे काम समजू नये. खरे बोलणाऱ्याचे नुकसान हलके केल्यावाचून नोंदवहीत सत्य उतरत नाही. आज जनावराच्या कानी बारा अंकी बिल्ला असतो. त्या क्रमांकाखाली लसीची तारीख, आजार व खरेदी-विक्री हे सारे एकत्र वाचता आले, तर पशुवैद्यास साथीची वाट आधीच दिसू शकेल.

परंतु बिल्ला स्वतः काहीच बोलत नाही. बोलतो तो मालक. आणि तो बोलेल तेव्हाच, जेव्हा त्याने दिलेल्या वर्दीचे उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात उभा राहील.